क्वांटे ब्रश कारखान्यातलं अरे-तुरे

सोमवारी सकाळी कारखान्याची नवी मालकीण स्वेया क्वांटे कँटीनमधल्या एका खुर्चीवर चढून उभी राहिली आणि म्हणाली, "आजपासून या कारखान्यात सगळे सगळ्यांना तू म्हणणार. साहेब नाही, बाई नाही, तुम्ही नाही. मी स्वेया. बस्स."

टाळ्या पडल्या. वाजवणारे सगळे पस्तिशीच्या आतले होते. बाकीच्यांनी आपापल्या कपात पाहिलं.

खरेदी विभागाचे प्रमुख हार्टविग नोल्टे यांनीही कपात पाहिलं. चेहऱ्यावर त्यांनी काही दिसू दिलं नाही. जर्मनीतल्या या वेस्टफालिया भागातल्या माणसाच्या चेहऱ्यावर तसंही काही दिसत नाही. दिसलंच तर समजावं, ऊन लागलंय.

नोल्टेसाहेबांची साठी उलटली होती. मिसरूड फुटायच्या वयात ते इथे उमेदवार म्हणून आले, तेव्हा स्वेयाचे आजोबा कारखाना चालवायचे. थोरले क्वांटे फाटकाच्या आत सख्ख्या भावालाही अहो म्हणायचे आणि फाटकाबाहेर त्याच्याशी बोलायचेच नाहीत. अशा शिस्तीत घडलेला माणूस. धुराड्याच्या ब्रशापासून बाटल्या धुवायच्या ब्रशापर्यंत कारखान्यात जे जे बनायचं, त्याला लागणारा प्रत्येक केस, काठी आणि तार नोल्टेसाहेबांच्या सहीने यायची. त्यांना हार्टविग म्हणणारी माणसं जगात तीन होती: बायको, बहीण आणि बोलिंग क्लबातला एक मित्र. त्या मित्रालाही त्यांनी बरीच वर्षं ताटकळत ठेवलं होतं.

आता कारखान्यातले दोनशे लोक त्यांना हार्टविग म्हणणार होते. तेही एक वेळ सोसलं असतं. खरी पंचाईत होती वरच्या मजल्यावर, त्यांच्या खोलीत.

त्या खोलीत त्यांच्यासमोर टेबल टाकून टेबेबाई बसायच्या. टेबेबाई माल रवाना करणाऱ्या विभागाच्या प्रमुख. दोन टेबलांच्या मध्ये रबराचं झाड होतं आणि पाव शतक दोघं त्या झाडाच्या अलीकडून-पलीकडून बोलत आले होते. "टेबेबाई, आपण जरा खिडकी लावता का?" "लावते हं, नोल्टेसाहेब." टेबेबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नोल्टेसाहेबांची दाढ सुजली, टेबेबाईंचा नवरा एका योगशिक्षिकेबरोबर पळून गेला; हे सगळं दोघांनी अहो-जाहो करत निभावलं होतं. आणि टेबेबाईंचं पहिलं नाव काय, हे नोल्टेसाहेबांना ठाऊक नव्हतं. दारावर 'आर. टेबे' अशी पाटी होती. त्यांनी आपलं मनाशी रेनाटे धरून ठेवलं होतं.

स्वेयाने सगळ्यांना नावांचे बिल्ले वाटले होते. टेबेबाई बिल्ला लावून खोलीत आल्या. त्यावर रोझविता लिहिलं होतं. नोल्टेसाहेबांना एकदम कुणा परक्या बाईबरोबर खोलीत अडकल्यासारखं वाटलं.

"काय बघताय?" टेबेबाईंनी विचारलं.

"काही नाही. मला रेनाटे वाटलं होतं."

"रेनाटे माझी बहीण. आमचं पटत नाही."

नोल्टेसाहेबांनी घसा साफ केला. "मग आता... नियम झालाय म्हणताना... आपण काय करायचं?"

"तुम्हाला तू म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणायची नाही. माझ्या दातांच्या डॉक्टरने विचारलं होतं मला, तू म्हणू या का म्हणून, दाढेत यंत्र घालून. तशा अवस्थेतही मी मान हलवून नाही म्हटलं."

नोल्टेसाहेब खुर्चीत बसले. नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. रस्ता रिकामा असला तरी ते लाल दिव्याला थांबायचे, आणि दिवा बिघडलेला असला तर पालिकेला कळवायचे. आणि टेबेबाईंना तू म्हणायला जीभ उचलत नव्हती. तू म्हणावं तर जीभ अडते, तुम्ही म्हणावं तर नियम अडतो. दुपारपर्यंत त्यांनी मधली वाट शोधून काढली. कोणाला काही म्हणायचंच नाही.

पहिला प्रयोग झाला यानिसवर. यानिस हा त्यांच्या विभागातला नवा माणूस, पंचविशीतला. खोलीतसुद्धा लोकरीची टोपी घालून बसायचा आणि कळशीएवढ्या बाटलीतून दिवसभर पाणी प्यायचा.

"हार्टविग! कसा गेला रे तुझा रविवार?"

"बरा गेला," नोल्टेसाहेब म्हणाले. "इतरांचाही बरा गेला असावा."

यानिसने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "माझा? एकदम मस्त!"

जमलं. मग नोल्टेसाहेबांनी सपाटाच लावला. "कॉफी तयार आहे. ज्याला हवी त्याला ती मिळू शकते." "ही फाईल वाचून घेतली जाण्याच्या अवस्थेत आहे." "या खिडकीला बंद व्हायला हरकत नसावी." टेबेबाई पहिल्या दिवशी बुचकळ्यात पडल्या, दुसऱ्या दिवशी हसल्या आणि तिसऱ्या दिवशी खिडकीकडे बघून म्हणाल्या, "हिची काही हालचाल दिसत नाही बुवा."

सवय घरापर्यंत पोचली. जेवताना नोल्टेसाहेब म्हणाले, "मिठाला बटाट्यांच्या दिशेने यायला जमेल का?"

त्यांची बायको इर्मेला हिने काटा खाली ठेवला. "हार्टविग, मी समोर बसलेय. मला माग."

मग त्यांनी सगळं सांगितलं. इर्मेला इतकी हसली की तिला उठून पाणी प्यावं लागलं. "अरे, रोझविताला एकदा तू म्हणालास तर छप्पर कोसळणार आहे का?"

"तुला तिचं नाव माहीत होतं?"

"दर नाताळात तिला कार्ड कोण लिहितं? तू?"

नोल्टेसाहेबांनी स्वतः उठून मीठ घेतलं.

त्या आठवड्यात कारखान्याची एवढी एकच गंमत चालली होती असं नाही. दुपारच्या सुट्टीत यानिस आता त्यांच्या टेबलाशी येऊन बसू लागला होता. पूर्वी खालच्या लोकांनी लांबून "सावकाश होऊ द्या, साहेब" म्हणायचं आणि पुढे जायचं, अशी रीत होती. यानिसने आपला डबा उघडला. त्यात वाटलेले छोले आणि गाजराचे तुकडे होते. नोल्टेसाहेबांनी काळ्या पावात कलेजीचं सॉसेज भरून आणलं होतं, गेली कित्येक वर्षं आणत आले तसं.

"हार्टविग, एक विचारू? तू शाळा सुटल्यापासून इथेच आहेस?"

"हो."

"दुसरीकडे कुठेच नाही?"

"नाही."

"का पण?"

नोल्टेसाहेब चावायचे थांबले. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. "मुलाखत झाली. सोमवारपासून या म्हणाले. आलो. नंतर कोणी जा म्हणालं नाही."

यानिसने डब्याचं झाकण अगदी हळू खाली ठेवलं, आजाऱ्याच्या खोलीत ठेवतात तसं.

"मला वाटतं माझा इथला प्रवास आता पूर्ण होत आलाय," तो म्हणाला.

"प्रवास? वसंतात तर येणं झालं! अजून स्टेपलर कुठे असतो ते विचारावं लागतं!"

"तेवढं शिकून घेतो, मग बघतो."

यानिस चार वाजले की उठायचा, वाक्य अर्धं असलं तरी. एकदा तर त्याने मन थकलंय म्हणून रजा घेतली. नोल्टेसाहेबांनी रात्री इर्मेलाला हे सांगितलं. आमच्या वेळी मन सायकलस्टँडलाच लावून यायची पद्धत होती, असंही म्हणाले. पण त्यांना सगळ्यात नवल वाटायचं ते फोनचं. टेबलावरचा फोन वाजला की यानिस त्याच्याकडे असा बघायचा, जणू वेटोळं घालून कोणी बसलंय.

"हा फोन वाजतो आहे," नोल्टेसाहेब म्हणायचे.

"हो ना," यानिस कळवळून म्हणायचा.

गुरुवारी गोष्टीला वेगळंच वळण लागलं. नोल्टेसाहेब हातात नमुन्यांची खोकी घेऊन येत होते आणि स्वेया दारातच पाठमोरी उभी राहून कोणाशी तरी बोलत होती. स्वेया मालकीण, वय तिशीच्या आत, कालपर्यंत बर्लिनमध्ये. तिला बाजूला हो म्हणायचं तरी कसं? नोल्टेसाहेब म्हणाले, "दाराला थोडी मोकळीक मिळाली, तर खोक्यांचं भलं होईल."

स्वेया वळली. 

"हार्टविग, तू हे काय करतोस?"

"खोकी ठेवतो."

"तसं नाही. तू हुकूम देत नाहीस. दोष देत नाहीस. समोरच्याला किती मोकळं ठेवतोस! हे तू शिकलास कुठे?"

"इथेच. सोमवारपासून."

"आपला आपण?" स्वेयाचे डोळे भरून आले. बर्लिनमध्ये तिने एका अनवाणी माणसाकडे हेच शिकायला भरपूर पैसे मोजले होते, आणि त्या माणसाला याच्या निम्मंही येत नव्हतं. "तू आम्हाला सगळ्यांना शिकव. उद्याच. कँटीनमध्ये. शिकवशील ना?"

"नकार दिला जाऊ शकतो का?"

"बघ!" स्वेया मागच्या माणसाला म्हणाली. "बघ कसा विचारतो!"

दुसऱ्या दिवशी कँटीनमधली बाकं हलवून जमिनीवर उशा मांडल्या होत्या. मंडळी मांडी घालून बसली, ज्यांना जमत नव्हती ती कलंडली. मध्यभागी एका खुर्चीवर नोल्टेसाहेब, टाय लावून. बोलायचं काय हे त्यांना माहीत नव्हतं. आयुष्यात त्यांनी एकच भाषण केलं होतं, बहिणीच्या लग्नात, आणि तेही 'जेवण वाढलंय' एवढंच होतं. शेवटी खरं काय ते सांगून मोकळं व्हावं असा विचार करून ते म्हणाले, "कोणाचं नाव घ्यायचं नाही. कोणाकडे बघायचं नाही. जे व्हायला हवं, ते हवेत सोडायचं."

 मग पेनं चालू लागली. जाहिरात विभागातली एक मुलगी डोळे पुसत होती.

मागच्या रांगेत टेबेबाई खुर्ची घेऊन बसल्या होत्या. "हवेत सोडायचं म्हणे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाल्या.

आता इथे खरं सांगायला हवं, की नोल्टेसाहेबांना हे आवडलं. इतक्या वर्षांत त्यांचं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं. खरेदीच्या बोलण्यात लिहून घेण्यासारखं असतं काय? आता जिन्यात पोरं थांबवून विचारू लागली, "हार्टविग, हे वाक्य बघ ना, यात हुकूम राहिलाय का?" नोल्टेसाहेब डोळे मिटून ऐकायचे. "थोडासा राहिलाय," म्हणायचे. "शेवटी." यानिसने टाळी द्यायला हात वर केला, तर त्यांनी तो धरून नीट हस्तांदोलन केलं. बोलताना ते मध्येच थांबायला शिकले. टेबेबाई शुक्रवारी घरून आलुबुखाराचा केक आणत आणि अर्धा झाडापलीकडे सरकवत. त्या शुक्रवारी त्यांनी अख्खा केक एकटीने खाल्ला, नोल्टेसाहेबांकडे बघत.

पुढच्या आठवड्यात अख्खा कारखाना हवेत बोलू लागला.

"ट्रक भरला जाणं किती सुंदर ठरेल," असं कोणीतरी अंगणात म्हणालं आणि सगळ्यांनी मान डोलावली. ट्रकवाला दुपारपर्यंत आपल्या जागेवर बसून पाव खात होता. कोणी त्याच्या ट्रककडे फिरकलं नाही. संडासातला कागद संपला. "कागदाची उणीव जाणवते आहे," असं प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी कळकळीने बोललं, पण उणीव नेमकी कोणी भरून काढायची, ते कोणाच्याच बोलण्यात नव्हतं. कारखान्यात संडासाचे ब्रश हजारांनी आणि कागदाचा कपटा नाही, अशी अवस्था झाली. लोक कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊ लागले. बेकरीवालीने मग पाव घेतल्याशिवाय आत सोडणं बंद केलं.

मंगळवारच्या बैठकीत स्वेया म्हणाली, "डुकराचे केस संपत आलेत. ते मागवले जावेत, अशी एक भावना आहे."

भावना सगळ्यांपर्यंत पोचली. आणि बैठकीतली माणसं कष्टाळू होती, हेच वाईट झालं. यानिसला वाटलं हे आपल्यासाठी, त्याने मागवले. गोदामाच्या प्रमुखाला वाटलं आपल्यासाठी, त्याने मागवले. हिशेबनीसबाईंनी मागवले. नोल्टेसाहेबांनी तर मागवलेच, ते त्यांचं कामच होतं. आणि कोणी बोललं नाही म्हणून संध्याकाळी स्वेयाने स्वतःही मागवले. पाच जणांनी, हँबुर्गच्या एकाच व्यापाऱ्याकडून, प्रत्येकी कारखान्याला वर्षभर पुरतील इतके.

सोमवारी पहिला ट्रक आला. मागोमाग दुसरा. तिसरा वळणावर दिसला तेव्हा लोक खिडक्यांशी जमा झाले. चीनमधून हँबुर्गमार्गे आलेली, डुकराच्या राठ केसांनी ठासून भरलेली खोकी अंगणात, शेडमध्ये, सायकलस्टँडवर रचली जाऊ लागली. त्यातलं एक खोकं फुटलं आणि नेमका वारा सुटला. केस उडाले. स्वेयाच्या पांढऱ्या बुटांवर बसले, यानिसच्या छोल्यांत पडले, जाहिरातवालीच्या भुवया दाट झाल्या.

सगळे धावत खाली आले आणि गोल करून उभे राहिले.

"हे परत गेलं तर किती बरं होईल," स्वेया हवेला म्हणाली.

"चौथ्या ट्रकने आत न येण्याचा विचार करावा," हिशेबनीसबाई म्हणाल्या.

"थांबलं जाऊ शकतं का?" यानिसने आकाशाला विचारलं.

"तुम्ही कोणाशी बोलताय?" ट्रकवाल्याने विचारलं आणि आणखी चार खोकी उतरवली.

नोल्टेसाहेब मध्ये उभे होते. त्यांनाही एक वाक्य सुचलं होतं, चांगलं होतं, त्यात हुकूम अजिबात नव्हता. ते तोंड उघडणार तेवढ्यात जिन्याचं दार धाडकन उघडलं आणि टेबेबाई बाहेर आल्या. दुखऱ्या गुडघ्याने लंगडत त्या थेट त्या गोलाच्या मध्ये येऊन ठाकल्या.

"गप्प बसा सगळे!" त्या ओरडल्या. "स्वेया, तू जा आणि फाटक लाव. नंतर गाडी काढ आणि संडासाचा कागद घेऊन ये, भरपूर. यानिस, तू त्या ट्रकवाल्याला कॉफी दे आणि तो पीत असेपर्यंत त्याला खोक्याला हात लावू देऊ नकोस. आणि हार्टविग! तू!"

नोल्टेसाहेब एक पाऊल मागे सरकले.

"तू हे हवेतलं बोलणं बंद कर. वर जा. त्या व्यापाऱ्याला गाठ आणि चार ऑर्डरी रद्द कर. आत्ताच्या आत्ता. नाहीतर हे सगळे केस मी तुझ्या खुर्चीवर रचेन आणि तुला त्यांवर बसवेन!"

नोल्टेसाहेब पळाले. कारखान्यात त्यांना पळताना कोणी पाहिलेलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस लोक आपण त्या वेळी कुठे उभे होतो ते एकमेकांना सांगत असत.

त्यांनी हँबुर्गला फोन लावला. एका गोड आवाजाने सांगितलं की त्यांचा फोन महत्त्वाचा आहे. मग बासरी लागली. मग तोच आवाज म्हणाला, की आता आम्ही फोन घेत नाही, आम्हाला निरोप लिहा. नोल्टेसाहेबांनी फोन ठेवला, परत लावला, परत बासरी. "अहो, मी क्वांटेमधून नोल्टे बोलतोय!" ते बासरीला म्हणाले. बासरीला फरक पडला नाही.

यानिस दारात येऊन उभा होता, टोपीवर केस चिकटलेले. "ट्रकवाला तिसरी कॉफी पितोय. काय झालं?"

"कोणी उचलतच नाही."

"उचलणारच नाहीत. दे, मी लिहितो." त्याने खिशातून मोबाईल काढला आणि अंगठे चालवले. क्षणात उत्तर आलं. नोल्टेसाहेब चष्मा लावून वाकले.

"हे काय आहे?"

"डुक्कर."

"ते मला कळतंय. हलतंय का असं?"

"नाचतंय. तिकडे फेन्या म्हणून एक मुलगी आहे. एवढी मोठी ऑर्डर आली म्हणून खूष आहे ती."

"मग तिला सांग, चार परत घे म्हणावं."

"असं एकदम नाही सांगायचं, हार्टविग. आधी आपणही एक डुक्कर पाठवायचं."

नोल्टेसाहेबांनी क्षणभर विचार केला. डुकराच्या केसांचा व्यवहार त्यांनी आयुष्यभर केला होता, पण डुकरं पाठवून केला नव्हता. "नाचणारं नको. चुकीचा समज होईल. रडणारं आहे?"

"तीन आहेत."

"दाखव."

त्यांनी तिन्ही डुकरं एकेक करून पाहिली, मालाचे नमुने पाहायचे तशी, मोबाईल उजेडाकडे धरून. "मधलं," ते म्हणाले. "डावीकडचं फार नाटकी आहे. उजवीकडचं रडत नाही, त्याला सर्दी झालीय."

मधलं गेलं. थोड्या वेळाने तिकडून विचारात पडलेलं डुक्कर आलं. यानिसने मग सगळी हकीकत लिहिली, हवेत बोलण्यापासून. तिकडून पोट धरून हसणारी डुकरं आली, एकापाठोपाठ एक. मग फेन्याने लिहिलं, की एक ऑर्डर ठेवा, चार परत पाठवा, वाहतुकीचा खर्च मात्र तुमचा.

"हो म्हण," नोल्टेसाहेब म्हणाले. "पटकन हो म्हण. आणि आभार मान."

"आभारासाठी टोपी काढणारं डुक्कर आहे."

"तेच पाठव."

व्यवहार संपला तेव्हा ट्रकवाल्याची तिसरी कॉफीसुद्धा संपली नव्हती. नोल्टेसाहेब खुर्चीत मागे टेकले. "पूर्वी याला दोन पत्रं लागायची, आठवडाभर फोन लागायचे आणि मग हँबुर्गला जाऊन जेवायला लागायचं."

"जेवण चांगलं असायचं?"

"भाजलेला हंस असायचा. लाल कोबी असायचा. वर नाशपातीची दारू."

"मग बंद का केलं?" यानिसने विचारलं.

नोल्टेसाहेब उठून खिडकीशी गेले. खाली टेबेबाई खोकी मोजून परत ट्रकवर चढवत होत्या, आणि प्रत्येकाला नावाने हाक मारून कामाला लावत होत्या. आश्चर्य म्हणजे पोरं उड्या मारत कामं करत होती. जाहिरातवाली तर दोनदा येऊन म्हणाली, "रोझविता, मला अजून काहीतरी सांग ना!"

दुसऱ्या दिवशी स्वेया परत कँटीनमध्ये बोलली, या वेळी खुर्चीवर बसून. म्हणाली, की ज्याला जे म्हणवून घ्यायचं ते त्याने ठरवावं. पण काम सांगायचं असेल तर माणसाकडे बघून, त्याचं नाव घेऊन सांगावं. नोल्टेसाहेबांची शाळा बंद झाली. त्यांनी दुसऱ्या वर्गासाठी चौथं वाक्य तयार करून ठेवलं होतं. ते कोणीच ऐकलं नाही. इर्मेलाने ऐकलं, पण ती झोपेत होती.

शुक्रवारी टेबेबाईंनी केकचा डबा उघडला. नोल्टेसाहेबांनी धीर केला.

"रोझविता," ते म्हणाले.

टेबेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणालात?"

"नाही, म्हणजे त्या दिवशी अंगणात... आपण मला... तू मला..."

"ती आणीबाणी होती, नोल्टेसाहेब. घराला आग लागली की माणूस कोणालाही काहीही म्हणतं. आता विझलीय."

"बरोबर आहे, टेबेबाई," नोल्टेसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या अंगातून तीन आठवड्यांचा शीण उतरला. टेबेबाईंनी केक कापला. मोठा तुकडा त्यांनी झाडापलीकडे सरकवला.

यानिस शरद ऋतूत नोकरी सोडून गेला, मधमाश्यांच्या पेट्या करणाऱ्या एका कंपनीत. जाताना त्याने नोल्टेसाहेबांना विचारलं, "तू पुढे काय करणार?"

"पुढे निवृत्ती."

"त्याच्या आधी रे!"

हे नोल्टेसाहेबांच्या डोक्यात बसलं. त्यांनी स्वेयाकडे जाऊन दर सोमवारी सुट्टी मागितली, मन थकलंय म्हणून. स्वेया इतकी खूष झाली की तिने त्यांना मिठी मारली. त्यांनी ती अंगाला स्पर्श न होऊ देता स्वीकारली. पहिल्या सोमवारी ते टाय लावून स्वयंपाकघरात उभे राहिले. इर्मेलाने त्यांना पाव आणायला पिटाळलं. बेकरी कारखान्याच्या कोपऱ्यावरच होती. ते तासाभराने पाव घेऊन आणि तारेच्या एका ऑर्डरवर सही करून परत आले. चौथ्या सोमवारी मात्र ते सायकल घेऊन कालव्याच्या कडेने लांब गेले आणि एका बाकावर बसून त्यांनी सॉसेजचा पाव खाल्ला, आणि कारखाना त्यांच्या मनात दुपारपर्यंत आला नाही.

वसंतात स्वेयाला नवी कल्पना सुचली. कारखान्यात आता पाळीव प्राणी आणायला परवानगी होती. सकाळी टेबेबाई आल्या त्या एका म्हाताऱ्या, आखूड पायांच्या, लांबोडक्या कुत्र्याला घेऊन. त्याच्या हनुवटीवरचे केस पांढरे झाले होते आणि चेहऱ्यावर निवृत्त न्यायाधीशाचा भाव होता.

"हे बॅरन," टेबेबाईंनी ओळख करून दिली.

नोल्टेसाहेबांना कुत्री आवडायची. ते खुर्चीतून उठले, वाकले आणि हात पुढे करून म्हणाले, "काय रे बॅरन? कसा आहेस तू?"

कुत्र्याने तोंड फिरवलं.

टेबेबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांना अरे-तुरेची सवय नाही, नोल्टेसाहेब. घरी आम्ही अहो म्हणतो."

नोल्टेसाहेब ताठ झाले. त्यांनी टाय सरळ केला, कोट खाली ओढला आणि पुन्हा वाकले.

"माफ करा, बॅरन," ते म्हणाले. "आपली ओळख नव्हती. मी नोल्टे."

बॅरननी थोडा विचार केला आणि मग ते सावकाश चालत आले, आणि नोल्टेसाहेबांच्या बुटावर बसले.